आमच्या गल्लीतला वाडा आणि शंभर मीटरची हद्द

जुन्या शहरात राहणाऱ्याला ही बातमी कधी ना कधी ऐकावी लागतेच: शेजारचा वाडा बिल्डरला दिला, पाडून तिथे कॉम्प्लेक्स होणार. बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या गल्लीवर ती वेळ जानेवारी २०२३ मध्ये आली. पुढे जवळजवळ दोन वर्षं हे प्रकरण चाललं. कुठे जायचं, काय मागायचं, कोणता कागद कुणाकडे मिळतो, यातलं आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं, आणि ज्याला विचारावं तो वेगळंच सांगे. आता बरंचसं मार्गी लागलंय, म्हणून घडलं तसं लिहून काढते आहे.

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, आमची अख्खी गल्ली गच्चीवर असते. त्या दिवशी उंधियूच्या डिशा फिरत असताना कोपऱ्यावरच्या भाईंनी सांगितलं की शेजारच्या वाड्यात टेप घेऊन माणसं आली होती. तळघरात पार्किंग, खाली दुकानं, वर ऑफिसं, मिळून सहा मजले. आमची गल्ली अशी की समोरून रिक्षा आली तर स्कूटर ओट्याला टेकवून उभं राहावं लागतं. तिथे सहा मजल्यांची माणसं आणि गाड्या कुठून येणार, हा प्रश्न सगळ्यांनाच पडला.

मला मात्र पहिली भीती भिंतीची वाटली. आमचे वाडे एकमेकांना चिकटून आहेत आणि मधली भिंत सामाईक आहे. विटा-चुन्याची, दीड हात रुंद. आमच्या माजघराच्या तुळयांची टोकं त्या भिंतीत बसवलेली आहेत, आणि पलीकडून त्यांच्या तुळयांची. कोनाड्यात दिवा लावताना हात वर केला की ती टोकं हाताला लागतात. पलीकडचा वाडा काढून तळघरासाठी खोल खणलं तर ही भिंत कशाच्या आधारावर उभी राहणार? याचं उत्तर कुणाकडे नव्हतं, आणि ते मिळेपर्यंत मला झोप लागणार नव्हती.

फेब्रुवारीत आमच्या ओसरीवर पहिली बैठक झाली. सगळे एका बाजूला असतील असं मी धरून चालले होते, तसं नव्हतं. दुकानदारांपैकी काहींना कॉम्प्लेक्स हवं होतं; गिऱ्हाईक वाढेल, जागांचे भाव वाढतील. दोन घरांना वाटत होतं, आज ह्यांना अडवलं तर उद्या आमचं विकताना कोण घेईल. यात वावगं काही नाही. ज्याच्या डोक्यावरचं छप्पर गळतं त्याला भाव वाढणं म्हणजे सुटका वाटते. तरी सामाईक भिंतीचा मुद्दा निघाल्यावर सगळे गप्प झाले, कारण भिंत सगळ्यांचीच आहे. तेवढ्यावर एकमत झालं आणि घरटी हजार रुपये काढायचं ठरलं. हिशेबाची वही गल्लीतल्या निवृत्त शिक्षकांकडे दिली. पैशाचा हिशेब पहिल्या दिवसापासून एकाच माणसाकडे आणि सगळ्यांना दिसेल असा ठेवा. मधल्या काळात आमच्यात बरीच कुरबूर झाली, पण पैशावरून एकदाही नाही.

पहिलं काम सिटी सर्व्हेचं. वाड्याचा सिटी सर्व्हे नंबर शोधून प्रॉपर्टी कार्डाची नक्कल काढली. गुजरातेत ही कार्डं ऑनलाइनही बघता येतात, पण कुठे जोडायची असतील तर कार्यालयातून प्रमाणित नक्कल घ्या. कार्डावरून कळलं की वाडा अजून मूळ कुटुंबाच्याच नावावर आहे, वारस पाच आहेत आणि विक्रीची नोंद नाही. म्हणजे व्यवहार बोलण्यापर्यंतच आला होता. आम्हाला केवढा धीर आला म्हणून सांगू.

मार्चमध्ये सयाजीराव विद्यापीठात आर्किटेक्चर शिकणारा एक मुलगा आमच्या गल्लीतले कोरीव खांब मोजायला आला. चहा घेताना त्याने सहज विचारलं, “काकू, तांबेकर वाड्यापासून हे अंतर किती?” तोवर हा प्रश्न आमच्या कुणाच्या डोक्यातच आला नव्हता.

तांबेकर वाडा बडोदेकरांना सांगायला नको. विठ्ठल खंडेराव उर्फ भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते, त्यांचं हे राहतं घर. आतल्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली चित्रं आहेत, महाभारतातले प्रसंग, कृष्णलीला, मराठे आणि इंग्रज. आम्ही लहान मुलांना दाखवायला घेऊन जातो, पाहुणे आले की घेऊन जातो. तो केंद्र सरकारच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातला संरक्षित वारसा आहे हेही माहीत होतं. पण त्याच्या संरक्षणाचा आमच्या घरांशी काय संबंध, हे त्या मुलाने सांगितलं.

कायदा १९५८ चा आहे, प्राचीन स्मारकांचा, आणि त्यात २०१० साली मोठी दुरुस्ती झाली. राष्ट्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून सगळ्या दिशांना शंभर मीटर हे प्रतिबंधित क्षेत्र. तिथे नवं बांधकाम नाही, जुनं पाडून नवं बांधणंही नाही; १६ जून १९९२ च्या आधीपासून उभ्या असलेल्या इमारतीची फक्त दुरुस्ती करता येते, आणि तीही परवानगी घेऊन. त्यापुढचे दोनशे मीटर विनियमित क्षेत्र. तिथे बांधता येतं, पण आधी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची संमती लागते. परवानगीशिवाय बांधलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. हे अंतर रस्त्याने चालत मोजायचं नसतं. स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून सरळ रेषेत मोजतात. आमच्या गल्लीतून तांबेकर वाड्याला वळसा घालून जावं लागतं, म्हणून आम्हाला तो लांब वाटायचा. इस्रोच्या भुवन पोर्टलवर संरक्षित स्मारकांभोवतीची ही क्षेत्रं नकाशावर पाहता येतात. त्यावर पाहिलं तर शंभर मीटरची रेघ बरोबर आमच्या शेजारच्या वाड्यातून जात होती. दर्शनी भाग, ओसरी आणि पहिला चौक आत. मागचा चौक आणि परसदार बाहेर. तुम्ही जुन्या शहरात राहत असाल तर बाकी काही करण्याआधी हे बघा. आम्ही हरकतींची लांबलचक यादी करत बसलो होतो, पार्किंग, पाण्याचा दाब, गटार, ऊन अडणं. सगळ्या खऱ्याच, पण त्यांच्यावर फार तर चर्चा होते. अंतरावर कारवाई होते.

मग माहितीच्या अधिकाराचे अर्ज. महापालिकेकडे विचारलं की या सिटी सर्व्हे नंबरवर विकास परवानगीचा अर्ज आला आहे का, आला असल्यास नकाशे आणि जोडलेले ना-हरकत दाखले द्या. राज्याच्या अर्जाला २० रुपये फी. स्मारक प्राधिकरणाकडे केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवरून अर्ज, तिथे १० रुपये. महापालिकेचा अर्ज गुजरातीत लिहिला, दिल्लीचा इंग्रजीत. आमच्यातले ज्येष्ठ अजून सगळं मराठीत मांडतात, घरातले जुने कागद तर मोडीत आहेत. त्यामुळे आधी मराठीत मसुदा, मग गुजराती, असं दोनदा लिहावं लागलं. वेळ गेला, पण त्यामुळे गल्लीतल्या गुजराती शेजाऱ्यांनाही पहिल्यांदाच सगळं नीट वाचायला मिळालं आणि सह्या वाढल्या.

उत्तराची मुदत ३० दिवस. एका ठिकाणाहून वेळेत आलं. दुसऱ्या कार्यालयातून कळलं की नकाशे ही त्रयस्थाची माहिती आहे, त्याची संमती विचारतो आहोत. तिथे घाबरून सोडून देऊ नका. पहिलं अपील करायला फार काही लागत नाही, कोणत्या तारखेला काय मागितलं आणि काय मिळालं एवढं साधं लिहायचं. अपिलात फाइल प्रत्यक्ष पाहायची मागणीही केली होती. ती मान्य झाली आणि मे महिन्याच्या उन्हात मी आणि शिक्षककाका फाइल बघायला गेलो. अर्ज आला होता. प्लॉटची मापं, रस्त्याची रुंदी, तळघर, सहा मजले, सगळं होतं. स्मारकापासूनच्या अंतराचा मुद्दा मात्र त्यात कुठेच नव्हता. मी पानांचे क्रमांक टिपून घेतले आणि तेवढ्याच पानांच्या नकला मागितल्या. सगळी फाइल मागितली तर पैसेही जातात आणि वेळही.

आता शेजारच्या वाड्यात राहणाऱ्या काकूंबद्दल. या सगळ्या लढ्यात सगळ्यात जड हेच गेलं. त्यांचं माझं नातं लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासूनचं. त्या वर्षी चैत्राच्या हळदीकुंकवाचं बोलावणं मला आलं नाही. मी स्वतःच गेले. त्या दारातच म्हणाल्या, “अगं, वारसा वारसा म्हणता तुम्ही सगळे. पावसाळ्यात मध्यरात्री उठून पातेली मी लावते. एक दीर पुण्याला, एक परदेशात, दुरुस्तीला कुणी दमडी देत नाही. बिल्डर फ्लॅट देतोय, लिफ्ट देतोय. माझे गुडघे बघ.” मला उत्तर सुचलं नाही. परत येताना ठरवलं की पुढचा कुठलाही अर्ज लिहिताना काकूंच्या गळक्या छपराचाही रस्ता आपणच शोधायचा. नाहीतर वाडा राहील आणि माणसं तुटतील.

जूनमध्ये नवीनच वळण लागलं. पावसाळ्याआधी जर्जरित इमारतींना नोटिसा निघतात, तशी वाड्याला निघाली. मकान धोकादायक आहे, दुरुस्त करा नाहीतर उतरवा. आमचं काळीज हललं. उतरवायची वेळ आली तर अंतर, स्मारक, परवानगी या सगळ्याला अर्थच उरत नाही, कारण एकदा पडलेला वाडा प्रतिबंधित क्षेत्रात पुन्हा बांधता येत नाही. आणि हे काकूंच्या घरच्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं! बिल्डरने त्यांना फ्लॅटचा शब्द दिला होता, पण दर्शनी भागाच्या जागेवर कायद्याने काहीच उभं राहू शकलं नसतं. मी कायद्याची ती पानं घेऊन गेले, काकूंच्या मुलाला बसवून वाचून दाखवली. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “वहिनी, म्हणजे आमचं पुढचं घरही गेलं असतं आणि फ्लॅटही.” त्या दिवसापासून ते आमच्या विरोधात राहिले नाहीत.

वर्गणीतून आणि त्यांच्या थोड्या पैशांतून एका स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून अहवाल घेतला, ₹१८,०००. ते दोन दिवस टॉर्च आणि हातोडी घेऊन फिरले. तुळईवर हातोडी मारली की खणखणीत आवाज आला तर लाकूड धड, बद्द आला तर आतून पोखरलेलं. भिंतीत गेलेली टोकं बहुतेक बद्द होती, मधलं सागवान मात्र उत्तम. अहवालाचा सार असा की दर्शनी भाग दुरुस्त होण्यासारखा आहे, मागचा चौक खरोखरच धोक्याचा आहे, पावसाळ्यापुरते टेकू लावा. लोखंडी टेकू भाड्याने आणले. नोटिशीला उत्तर म्हणून अहवाल जोडला, दुरुस्तीची परवानगी मागत आहोत असं लिहून दिलं आणि आवक क्रमांकाचा शिक्का आपल्या प्रतीवर मारून घेतला. हा शिक्का कधीही विसरू नका. नंतर एका कार्यालयात आमचा अर्ज सापडेना, तेव्हा त्या शिक्क्यावरच काम भागलं.

ऑगस्टमध्ये सह्यांचं निवेदन पाठवलं: पुरातत्त्व सर्वेक्षणाचं बडोदा मंडळ, सक्षम प्राधिकारी (स्मारकाजवळच्या बांधकामाचे आणि दुरुस्तीचे अर्ज ज्यांच्याकडे जातात ते), स्मारक प्राधिकरण, महापालिका आयुक्त, आमचे नगरसेवक. प्रत्येक सहीपुढे घर क्रमांक आणि भाडेकरू की मालक हे लिहिलं. नकाशाची प्रिंट, प्रॉपर्टी कार्ड, फाइलमधली पानं, इंजिनिअरचा अहवाल, सगळं क्रमांक घालून जोडलं. मजकूर मुद्दाम एका पानात बसवला. शिक्षककाकांनी त्यात नजरबागेचा उल्लेख घालायला सुचवलं होतं. तो राजवाडा पाडला गेला हे आमच्या पिढीला अजून टोचतं. पण आम्ही तो काढला. निवेदन एका जागेबद्दल आणि एका नियमाबद्दल असावं, मनातल्या सगळ्या दुःखांबद्दल नको.

वकिलांचा सल्लाही याच सुमारास घेतला. हायकोर्टात जायची आमची तयारी होती. त्यांनी सांगितलं की आधी सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी जा आणि उत्तराला वेळ द्या, कोर्ट पहिलं तेच विचारेल. सामाईक भिंतीबद्दल मात्र दिवाणी कोर्टात कॅव्हेट, म्हणजे आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज, दाखल करून ठेवलं. ते ९० दिवस टिकतं, मग पुन्हा भरावं लागतं. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

त्या वर्षीचे गणपती सुतकात असल्यासारखे गेले. आरतीला अर्धी गल्ली आली, अर्धी नाही. काही दुकानदारांनी मंडळाची वर्गणी दिली पण मंडपात पाऊल ठेवलं नाही. प्रसादाची ताटं उरली तेव्हा मला रडू आलं. हे कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नसतं, पण विरोध करायला उभं राहणाऱ्याने याची तयारी ठेवावी. आम्ही एवढंच केलं की प्रसाद सगळ्यांच्या घरी पोचवला, न आलेल्यांच्याही.

दिवाळीनंतर मोजणी झाली. स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून यंत्राने अंतर घेतलं, काकूंचा मुलगा, बिल्डरची माणसं आणि आम्ही दोघं-तिघं हजर होतो. भुवनच्या नकाशावर रेघ जिथे दिसली होती तिथून जरा मागेच निघाली, म्हणजे वाड्याचा आणखी थोडा भाग आत आला. घरच्या घरी काढलेलं अंतर हे अंदाजापुरतंच असतं. निवेदनात “सुमारे” लिहिलं होतं तेच बरं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये कळलं की नव्या बांधकामाचा प्रस्ताव आहे तसा पुढे जाणार नाही. दर्शनी भागाला हात लावता येत नाही, म्हटल्यावर मागच्या जागेला रस्त्यावरून रुंद वाटच उरत नव्हती. थोड्या दिवसांत बिल्डर व्यवहारातून बाहेर पडला. गल्लीत पेढे वाटावेत असं काहींना वाटलं. आम्ही नको म्हटलं, कारण शेजारच्या दारात काकू होत्या आणि त्यांचं छप्पर अजून गळतच होतं.

मार्चमध्ये दुरुस्तीच्या परवानगीचा अर्ज त्यांच्या नावाने भरला. मालकीचे कागद, आत्ताच्या स्थितीचे फोटो, प्रत्येक मजल्याचा नकाशा, काय बदलणार आणि कोणतं साहित्य वापरणार याचं वर्णन, स्मारकापासूनचं अंतर, आणि इमारत १९९२ च्या आधीची असल्याचा पुरावा. पुराव्यासाठी जुन्या घरपट्टीच्या पावत्या आणि वीजबिलं निघाली, एका लग्नाचा फोटोही सापडला ज्यात मागे दिंडी दरवाजा दिसतो. नकाशे त्याच आर्किटेक्चरच्या मुलाने एका आर्किटेक्टच्या देखरेखीखाली काढून दिले. कायद्यात टप्पे दिले आहेत: सक्षम प्राधिकाऱ्याने १५ दिवसांत प्रस्ताव पुढे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत मत द्यायचं, त्यानंतर महिन्याभरात निर्णय. आमच्याकडे एक त्रुटी निघाली, एका वारसाचं संमतिपत्र नव्हतं, ते परदेशातून नोटरी होऊन येईपर्यंत पावसाळा लागला. वारस बाहेर असतील तर हे काम पहिल्या दिवशीच सुरू करा. मग ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्रीला पूर आला आणि सगळं शहरच थांबलं. परवानगी हातात पडली ती नवरात्राच्या आसपास.

काम दिवाळीनंतर सुरू झालं. तुळयांची कुजलेली टोकं कापून त्या जागी जुनंच सागवान सांध्याने जोडलं. आमच्या बाजूने टेकू, त्यांच्या बाजूने सुतार. भिंतीला सिमेंट लावू दिलं नाही, चुनाच वापरला. खर्च अंदाजापेक्षा बराच वाढला. पुण्याच्या दिरांनी अखेर हात सैल केला, बाकी काकूंच्या मुलाने कर्ज काढलं. पुढच्या दोन खोल्या आता एका नृत्यशाळेला भाड्याने दिल्या आहेत. लिफ्ट नाहीच झाली. काकूंची झोपायची खोली खाली ओसरीला लागून केली आहे.

मागच्या चौकाचा प्रश्न सुटलेला नाही. तो विनियमित क्षेत्रात येतो, तिथे तळमजला आणि वर एक मजला एवढंच बांधायचा अर्ज घरच्यांनी केला आहे आणि उत्तर यायचं आहे. त्या अर्जाला आमच्या गल्लीने ना-हरकत लिहून दिली आहे, ज्या दुकानदारांनी मंडपात पाऊल ठेवलं नव्हतं त्यांच्याही सह्या त्यावर आहेत. फाइलच्या दोन प्रती आहेत, एक शिक्षककाकांकडे, एक माझ्या कपाटात. जुन्या शहरातल्या कुणाला अर्जाचा मसुदा बघायचा असेल तर खुशाल मागा, नावं झाकून देईन.